आधी भोकं बुजवा, मग पिंजरा लावा: उंदीर न मारता घराबाहेर काढण्याची रीत

चिकट पुठ्ठा मी आयुष्यात एकदाच वापरला. दुकानदार म्हणाला होता, "ताई, विष नको, सापळा नको. रात्री ठेवायचा, सकाळी घडी घालून कचऱ्यात टाकायचा." रात्री दोनच्या सुमारास ओट्याखालून बारीक चिरकल्याचा आवाज यायला लागला. बॅटरी लावून पाहिलं तर अंगठ्याएवढा उंदीर एका कुशीवर चिकटलेला, एक गाल पुठ्ठ्याला आणि मोकळा राहिलेला एक पाय हवेत झाडतोय. चाळीस मिनिटं मी थेंबथेंब गोडं तेल सोडत, कान कोरायच्या काडीने त्याला एकेक पाय करून सोडवलं. जुन्या बनियनच्या चिंधीत गुंडाळून बुटांच्या खोक्यात ठेवलं. सकाळी तो मेलेला होता. आणि त्याच दिवशी रात्री दुसरा उंदीर ओट्यावरून आरामात फिरत गेला.

त्या दुसऱ्या उंदराने मला शहाणं केलं. पुठ्ठ्यावर कितीही मरोत, ज्या भोकातून ते येत होते ते उघडंच होतं. खाली लिहिलंय ते त्यानंतरच्या दोन-तीन पावसाळ्यांत, कोथरूडमधल्या आमच्या जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर करून पाहिलेलं आहे. क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक लोक पिंजऱ्यापासून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात, म्हणून दर महिन्याला नवा उंदीर धरत बसतात.

आधी पाहुणा कोण ते ओळखा

लेंड्या बघा. तांदळाच्या दाण्याहून लहान, दोन्ही टोकांना निमुळत्या, ट्रॉलीत आणि डब्यांच्या मागे विखुरलेल्या असतील तर तो घरातला लहान उंदीर. वजन जेमतेम 15 ते 25 ग्रॅम. अर्धा इंच लांबीच्या जाड लेंड्या असतील तर मोठा उंदीर. आपल्याकडे इमारतींत बहुधा अंगापेक्षा शेपूट लांब असलेला काळा उंदीर असतो, जो पाइप, केबल आणि झाडाच्या फांद्यांवरून सर्कशीतल्यासारखा चढतो. तळमजल्यावर, अंगणात मातीचे ढिगारे उकरलेले दिसले तर घूस.

आणि लांब नाकाची, बारीक डोळ्यांची, भिंतीला घासून चिकचिक करत पळणारी, उग्र वासाची असेल तर ती चिचुंद्री. ती उंदीर नाहीच. ती धान्य कुरतडायला येत नाही, झुरळं आणि किडे खायला येते. तिला सतत खावं लागतं, उपाशी फार वेळ तग धरत नाही. चुकून पिंजऱ्यात सापडली तर सकाळची वाट न बघता लगेच दाराबाहेर सोडा. घरात झुरळं कमी करा, तीही येणं कमी करते.

हा फरक पुढे दोन ठिकाणी कामाला येतो. लहान उंदीर चौकस असतो, नवी वस्तू दिसली की पहिल्याच रात्री हुंगून जातो. मोठा उंदीर उलट संशयी, नव्या वस्तूला चार-चार दिवस बगल देतो. आणि लहान उंदीर मोठ्या पिंजऱ्याच्या गजांतून सहज निसटतो.

रांगोळीचा प्रयोग

उंदीर कुठून येतो याचा अंदाज करू नका, त्यालाच सांगू द्या. रात्री ओटा आवरून झाल्यावर चाळणीने पांढऱ्या रांगोळीचा पातळ थर द्या: सिंकखाली, फ्रिजच्या मागे, गॅसची नळी ओट्यातून जाते तिथे, न्हाणीघराच्या उंबऱ्याशी, गॅलरीच्या दाराशी. थर पातळ हवा, फुंकर मारली तर उडेल इतका. कणीक वापरू नका, ते जेवणाचं आमंत्रण होईल.

सकाळी टॉर्च आडवा धरून पाहायचं. चार बोटांचे टिकलीएवढे ठसे, मधून शेपटीची एखादी रेघ. आमच्याकडे ठसे सिंकखालच्या ट्रॉलीच्या पाठीमागून निघाले, भिंतीला धरून फ्रिजपर्यंत गेले आणि तिथून परत. ओट्याच्या मधोमध एकही नाही. उंदीर मोकळ्या जागेतून चालत नाही, मिशा भिंतीला लागत राहतील असा कडेने जातो, हे त्या रांगोळीत स्पष्ट दिसत होतं. असं तीन रात्री करा. एका रात्रीत चित्र पुरतं कळत नाही.

संशयित भोकात वर्तमानपत्राचा बोळा सैलसर खुपसून ठेवणं हा दुसरा उपाय. तीन दिवस बोळा हलला नाही तर ते भोक वापरात नाही. सकाळी बोळा बाहेर पडलेला असेल तर सदर दरवाजा सापडला म्हणायचं.

खाणं उचला

यावर फार लिहीत नाही, कारण सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी करत नाही. लहान उंदराला दिवसाला तीन-चार ग्रॅम अन्न पुरतं. म्हणजे पोळपाटाखाली उरलेली कणीक आणि गॅसच्या शेगडीखाली सांडलेली खिचडी एवढ्यावर त्याचं भागतं. डाळ-तांदूळ प्लास्टिकच्या पिशवीतून स्टीलच्या किंवा पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात जाऊ द्या. प्लास्टिकचा डबा तो एका रात्रीत कोपऱ्यातून कुरतडतो. कांदे-बटाट्याची टोपली जमिनीवरून उचला. ओला कचरा रात्री घरात नको. मांजराची किंवा कुत्र्याची वाटी झोपण्याआधी धुवून ठेवा.

एक जागा मात्र सगळे विसरतात: देवघर. दिव्यात उरलेलं तेल, वाती, नैवेद्याची वाटी, खोबऱ्याचा तुकडा. गणपतीच्या दिवसांत तर रात्रभर मखरासमोर खिरापत आणि मोदक उघडे. विसर्जनानंतर तेच थर्मोकोलचं मखर माळ्यावर जातं आणि फेब्रुवारीपर्यंत त्यात घरटं झालेलं असतं. थर्मोकोल, जुन्या गोधड्या, रद्दी आणि पुठ्ठ्याची खोकी म्हणजे उंदराचा बाळंतविडा. माळा वर्षातून एकदा नाही, दोनदा काढा.

पाव इंची हिशोब

सगळ्या लेखात हा भाग सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत कामाचा. लहान उंदराचं डोकं जिथून जातं तिथून तो जातो, आणि त्याला साधारण 6 मिलिमीटर पुरतात. साधी पेन्सिल आत जात असेल तर ते भोक मोठं आहे असं धरा. मोठ्या उंदराला अंगठा जाईल एवढी जागा लागते. पेन्सिल हातात घेऊन गुडघ्यावर बसा आणि घरभर फिरा. आमच्या स्वयंपाकघरात अकरा जागा सापडल्या, त्यातल्या सात सुताराने आणि प्लंबरने करून ठेवलेल्या.

नेहमीच्या जागा अशा. सिंकचा पाइप भिंतीत शिरतो तिथे चकतीमागे लपलेली फट. मॉड्युलर ट्रॉलीच्या पाठच्या प्लायवूडला पाइपसाठी पाडलेलं, गरजेच्या तिप्पट मोठं भोक. वॉशिंग मशीनचा पाइप ज्या मोरीत नुसता सोडलेला असतो ती मोरी. न्हाणीघराची तुटकी जाळी. एसीच्या तांब्याच्या नळ्यांभोवतालची जागा, जिथे बसवणाऱ्याने फोम मारून हात झटकलेले असतात. फोम, पीओपी, लाकडाचा भुसा, नुसता कापड-बोळा हे सगळं उंदीर कुरतडतो. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, ते झिजवायला त्याला काहीतरी लागतंच.

हार्डवेअरच्या दुकानात "पाव इंची जाळी" मागा, लोखंडी, गॅल्व्हनाइज्ड. फूटभर लांबीचे दोन तुकडे एका स्वयंपाकघराला पुरतात. सोबत भांडी घासायचा स्टीलचा काथ्या आणि किलोभर सिमेंट. लहान भोकात काथ्या काडीने घट्ट ठासायचा आणि वरून सिमेंटचा लेप द्यायचा. नुसता काथ्या ठेवला तर उंदीर ओढून काढतो, नुसतं सिमेंट ओलं असताना पोखरतो. दोन्ही मिळून मात्र टिकतं. मोठ्या भोकावर जाळी कापून स्क्रूने बसवायची. मुख्य दाराखाली आणि गॅलरीच्या दाराखाली रबर किंवा ब्रशची पट्टी. खिडकीला नायलॉनची मच्छरजाळी असेल तर ती डासांपुरतीच आहे, उंदरासाठी स्टीलची जाळी लागते. मोरीच्या जाळीवर रात्री एक जड टाइल ठेवली तरी चालतं, आम्ही वर्षभर तेच केलं.

इथे दोन ठिकाणी हात आखडता घ्या. विजेच्या वायरी जातात त्या भोकात स्टीलचा काथ्या अजिबात भरू नका, तो वीज वाहतो. आणि सिलिंडरच्या कपाटाला खाली जी हवेची भोकं असतात ती बुजवायची नाहीत. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर तो खालूनच बाहेर पडायला हवा. त्या भोकांवर फक्त पाव इंची जाळी लावा. गॅसची नळीही एकदा बोटांनी चाचपून बघा. साधी रबरी नळी उंदीर कुरतडतो. आत तारेचं जाळं असलेली नारिंगी नळी एजन्सीकडे मिळते, ती घ्या.

सगळी भोकं एकाच दिवशी बुजवायची नाहीत. जास्तीत जास्त ठसे जिथे होते ते एक मुख्य भोक मोकळं ठेवा. आतला उंदीर आत कोंडून ठेवण्यात काही भूतदया नाही. तो भिंतीत मरतो आणि पंधरा दिवस वास येत राहतो.

घरटं आहे का?

पिंजरा लावण्याआधी हा प्रश्न विचारायचा असतो, आणि बहुतेक मार्गदर्शनांत तो नसतोच. उंदराच्या मादीचा गर्भकाळ साधारण तीन आठवड्यांचा. एका वेळी पाच ते आठ पिल्लं होतात आणि ती सुमारे तीन आठवडे दुधावर असतात. आई पकडून लांब नेऊन सोडली तर मागे पिल्लं उपाशी मरतात. मग आपण पिंजरा लावून नेमकी कुणावर दया केली?

फ्रिजच्या मोटरजवळ (तिथे ऊब असते), ट्रॉलीच्या मागे, माळ्यावरच्या खोक्यात कुरतडलेल्या कागदाचा, कापसाचा गोळा शोधा. गुलाबी, डोळे मिटलेली पिल्लं दिसली तर झाकून ठेवा आणि दोन-तीन आठवडे फक्त अन्न बंद करण्याचं आणि इतर भोकं बुजवण्याचं काम करा. त्रास झालेली आई पुष्कळदा स्वतःच पिल्लं तोंडात धरून दुसरीकडे हलवते. पकडलेल्या मादीच्या पोटावर आचळं ठळक दिसत असतील तर ती ओली बाळंतीण आहे, तिला घराच्या अगदी जवळ सोडा. घरात तान्हं मूल आहे, कुणाची प्रतिकारशक्ती कमी आहे, अशा वेळी तीन आठवडे थांबणं जमणार नाही, हे मला मान्य आहे. तेव्हा घरट्यासकट सगळं अलगद उचलून खोक्यात घाला, खोक्याला भोक ठेवा आणि जवळच्या आडोशाला ठेवून द्या. आई येईल अशी आशा करायची, खात्री नाही.

पिंजरा

बाजारात दोन प्रकार मिळतात. तारेचा पिंजरा, ज्यात आकड्याला खाद्य लावायचं आणि ओढलं की दार पडतं. आणि लाकडी खोक्याचा, वरून झाकण आदळणारा. लाकडी पिंजऱ्याचं झाकण जोरात आदळतं, शेपूट किंवा पाय सापडतो, म्हणून मी तारेचाच सांगेन. लहान उंदरासाठी जाळी पाव इंची हवी. घरात मोठा पिंजरा असेल तर आतल्या बाजूने जाळीचा तुकडा तारेने बांधून घ्या. दाराच्या खालच्या कडेला सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवली की शेपूट चेमटत नाही.

खाद्य म्हणून चीज फक्त चित्रांत चालतं. आचेवर किंचित भाजलेला सुक्या खोबऱ्याचा तुकडा, शेंगदाण्याचा लाडू, तेल लावलेला भाकरीचा कोपरा. मासे खाणाऱ्या घरात सुक्या बोंबलाचा तुकडा अचूक लागतो. चण्याएवढाच ठेवा आणि आकड्याला दोऱ्याने बांधा, नाहीतर तो अलगद काढून घेऊन जातो. शेजारच्या काकूंचा उंदीर चार दिवस रोज भजी घेऊन जात होता.

पिंजरा रांगोळीतल्या वाटेवर, भिंतीला लागून, दार त्याच्या येण्याच्या दिशेला राहील असा ठेवा. मोठा उंदीर असेल तर पहिल्या तीन रात्री दार बांधून उघडंच ठेवा, आत खाद्य राहू द्या. तो येऊन-जाऊन सरावला की मगच आकडा चढवा. आत मूठभर कापूस किंवा फाडलेला टिश्यूपेपर टाका, काकडीची एक चकती ठेवा: अन्नही आणि पाणीही. संध्याकाळी लावायचा, पहाटे उठल्या उठल्या बघायचा. बारा तासांपेक्षा जास्त वेळ न बघता ठेवायचा नाही. लावून गावाला गेलात तर तो चिकट पुठ्ठ्याहून वाईट.

उंदीर सापडला की पिंजऱ्यावर लगेच जुनं फडकं टाका. अंधार झाला की तो शांत होतो. लहानपणी आमच्या वाड्यात पिंजरा सरळ पाण्याच्या बादलीत बुडवायचे. आम्ही पोरं गोल करून बघायचो. उंदीर पोहतो, आणि बराच वेळ पोहतो, म्हणून ते मरण सावकाश येतं. ते करू नका.

सोडायचा कुठे

पुण्यात सकाळी टेकडीवर फिरायला जाणाऱ्यांपैकी काहींच्या हातातल्या पिशवीत पिंजरा असतो, हे मी शपथेवर सांगू शकते. मनाला बरं वाटतं: चला, निसर्गात सोडला. पण लहान उंदीर हा माणसाच्या घराला सरावलेला प्राणी. त्याचा सगळा वावर घरट्यापासून पाच-दहा मीटरांत असतो. अनोळखी उघड्यावर त्याला ना बीळ माहीत, ना अन्न, आणि वर घार, खाली मुंगूस. दुसऱ्याच्या वाड्यात किंवा शेतात सोडणं ही तर नुसती बदली झाली.

म्हणून घरापासून शंभरएक पावलांच्या आत सोडा. कंपाउंडची भिंत, दगडांचा ढीग, दाट झुडूप, जिथे लगेच आत शिरता येईल. वेळ तिन्हीसांजेची, भर दुपारची नाही. दिवसा कावळे टपलेले असतात. हातमोजे घाला, पिंजरा जमिनीवर ठेवून दार आडोशाकडे करा आणि मागून उघडा. दोन मिनिटं तो जागचा हलणार नाही. हलवू, ठोकू नका.

"अहो, मग तो परत येणार की!" हा प्रश्न येतोच. येईल. म्हणूनच भोकं आधी बुजवली. आता शेवटचं मुख्य भोक: सलग तीन रात्री रांगोळी कोरी राहिली आणि पिंजरा रिकामा राहिला की त्याच दिवशी ते काथ्या-सिमेंटने बंद करा.

सोसायटीत राहत असाल तर एका फ्लॅटचं काम अर्धंच असतं. पाइपांची डक्ट आणि कचऱ्याची जागा सगळ्यांची. पावसाळ्याआधीच्या मीटिंगमध्ये डक्टची दारं आणि ड्रेनेजची झाकणं हा विषय काढा. पाऊस पडला की बिळांत पाणी भरतं आणि सगळे उंदीर वर येतात.

लेंड्या झाडू नका

कोरड्या लेंड्यांवर केरसुणी किंवा व्हॅक्यूम फिरवला की धूळ उडते आणि नाकात जाते. खिडक्या उघडून अर्धा तास थांबा, रबरी हातमोजे आणि मास्क घाला. एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं द्रावण शिंपडून पाच मिनिटं भिजू द्या, मग कागदाने टिपून पिशवी बांधून टाका. ब्लीचमध्ये संडास धुवायचं ॲसिड कधीही मिसळू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो. पिंजराही याच द्रावणाने धुवा.

उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. मुंबईत 2005च्या पुरानंतर त्याची मोठी साथ आली होती. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून चाललात आणि नंतर ताप आला, तर डॉक्टरांना ती गोष्ट आपणहून सांगा. उंदीर चावला तर साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवून डॉक्टरांकडे जा.

बाकीच्या उपायांबद्दल

पुदिन्याचं तेल, कापूर, मिरचीची पूड: दोन दिवस वास, तिसऱ्या दिवशी उंदीर. आवाजाची यंत्रं प्लगला लावून बघितली, उंदराला त्यांची सवय होते.

विषाच्या वड्या रक्त गोठू देत नाहीत. उंदीर काही दिवस आतल्या आत रक्तस्राव होऊन मरतो, आणि तो अर्धमेला उंदीर खाणारं मांजर किंवा गव्हाणी घुबडही त्यात सापडतं. पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टवर तर उताराच नाही, लहान मुलांच्या घरात ती ट्यूब आणूच नये. चिकट पुठ्ठ्यांवर बंदी घालावी असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने राज्यांना कळवलेलं आहे, तरी दुकानात ते टांगलेले दिसतात. आधीच कुठे चिकटलेला जीव दिसला तर गोडं तेल आणि सावकाश हात, ओढाताण नाही.

उंदीर फारच झाले, भोकं बुजवणं तुमच्या हातात नाही, आणि मारण्यावाचून इलाज नाही असं ठरलंच, तर मानेवर क्षणात बसणारा दणकट चाप हा विष आणि पुठ्ठा दोन्हींपेक्षा कमी क्रूर. पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलंत तर तो काय ठेवणार आहे हे आधी विचारा, आणि भोकं बुजवून देणार का तेही विचारा. आमच्याकडे आलेला माणूस म्हणाला, "मॅडम, भोकं बुजवली तर आम्हाला दरवर्षी कोण बोलावणार?" हसत म्हणाला, पण त्याने भोकं बुजवली नाहीत. ती मी आणि सासूबाईंनी मिळून बुजवली. त्या टॉर्च धरून होत्या, आणि फ्रिजमागचं अकरावं भोक त्यांनाच दिसलं.